रविवारच्या गाडीचे कवळे टायर

आज सकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर ओढणी वाळत घालत होते. अकोल्याच्या या भागात जवळपास शेत नाही, तरी वाऱ्यावर कुटाराचा वास आला. हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून, सोयाबीन निघताना जो भुसा उडतो त्याला आमच्याकडे कुटार म्हणतात. तापलेल्या पत्र्यावर कोणी डाळीचं पीठ भाजावं आणि त्यात मूठभर धूळ पडावी, तसा काहीसा तो वास. नाक चुरचुरलं, घसा खवखवला आणि मला टायर आठवले.

सोयाबीनच्या दिवसांबद्दल लिहायचं आणि सुरुवात टायरपासून करायची, हे बरं दिसत नाही, हे मला कळतं. लिहिणारे लोक पाखरांबद्दल, उन्हाबद्दल लिहितात. पण मला तो एक हंगाम असाच आठवतो. पिवळं शिवार, अंगाला खाज आणणारी धूळ, आणि त्या सगळ्याच्या मधोमध चार काळे, करकरीत, रबराचा उग्र वास येणारे टायर. ते मी निवडले होते. घरातली एखादी मोठी वस्तू मी निवडण्याची ती पहिली वेळ.

आमचं गाव जऊळक्याच्या अलीकडे. सोंगणी, म्हणजे सोयाबीनची कापणी, सुरू झाली की गावात बोलणं कमी आणि ओरडणं जास्त होतं, कारण हडंब्याच्या आवाजात साधं बोललेलं ऐकूच येत नाही. बाबांचा ट्रॅक्टर आणि हडंबा या शेतातून त्या शेतात फिरत असतो. जेवायला घरी आले की त्यांचे फक्त डोळे ओळखू येतात, बाकी सगळा माणूस कुटाराचा. आई त्यांना दारातच थांबवते आणि सुपानं झटकते. खरंच सुपानं. धान्य पाखडावं तसं ती माणूस पाखडते. मी लहान असताना मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी असं करतात.

याच बाबांकडे एक गाडी आहे. फिकट लाल, लहान, माझ्यापेक्षा एखादं वर्षच धाकटी. मालेगावच्या एका मास्तरांकडून त्यांनी ती घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला उपयोगी पडेल. पण बाबांनी ती फक्त रविवारी काढायची असं ठरवलं. सहा दिवस ती गोठ्याशेजारी खताच्या पिशव्या उसवून शिवलेल्या पांघरुणाखाली झोपलेली असे. रविवारी पांघरूण निघे, टपावरच्या कोंबड्या ओरडत खाली उतरत, बाबा ओल्या फडक्यानं काच पुसत आणि मेडशीच्या पुढे पातूरच्या घाटापर्यंत जाऊन परत येत.

"घाटात जाऊन काय करता?" आई विचारायची.

"वळणं घेतो," बाबा म्हणायचे.

बाबा तरुणपणी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचे. एकदा सुटलेली जोडी किती वेगात होती हे ते अजून हाताच्या मुठी आवळून सांगतात. पट सुटला, बैल गेले, पण त्या मुठी राहिल्या. स्टेअरिंगही ते तसंच धरतात, कासऱ्यासारखं. वेग त्यांना जिंकण्यासाठी नको असतो, तो अंगातून जावा एवढंच असतं. हे मला आता समजतं. तेव्हा मी नुसती मागच्या सीटवर बसून खिडकीची कड घट्ट धरायचे.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, वाशीमला. आमच्या घरात दहावीच्या पुढे मीच पहिली. त्या वर्षी एका रविवारी आम्ही तिघं शिरपूरला निघालो. दिवाळीचं कापड घ्यायचं होतं. आमच्याकडे सोयाबीन वाळवायला डांबरी रस्त्यासारखी जागा नाही, असं सगळ्यांचं मत आहे. खालून डांबर तापतं, वरून ऊन. त्यामुळे या दिवसांत अर्धा रस्ता गाड्यांचा आणि अर्धा सोयाबीनचा असतो. लोक कडेला दगड मांडून ठेवतात आणि गाड्याही मुकाट्यानं उरलेल्या अर्ध्यातून जातात. आम्हीही वाळवतो. कोणाला काय बोलणार?

त्या दिवशी सकाळी परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली होती. पुलाजवळच्या वळणावर सोयाबीन घाईघाईनं गोळा केलेलं, पण कुटार रस्त्यावरच राहिलेलं, ओलं होऊन चिखलासारखं बसलेलं. बाबांनी वळण घेतलं. गाडीनं घेतलं नाही. मला आठवतं ते हे, की आवाज आलाच नाही. गाडी आडवी सरकत होती आणि सगळं शांत होतं, जणू कोणी हातानं ताट सरकवत आहे. नालीच्या अगदी काठावर पुढचं चाक थांबलं. कोणाला काही झालं नाही. आईच्या मांडीवरचा स्टीलचा डबा खाली पडला आणि त्यातले धपाटे पायाशी पसरले.

आई खाली उतरली. धपाटे उचलून डब्यात भरले. चपला हातात घेतल्या, आणि घराकडे चालू लागली. दोन किलोमीटर. बाबा गाडी हळूहळू तिच्या मागे नेत होते आणि काचेतून हाका मारत होते.

"अवं, बस तं खरी! काही झालं नाही!"

तिनं मान वळवली नाही. घरी आल्यावर पाणी पिऊन एवढंच म्हणाली, "तुमाले गाडी म्हंजे पटातली जोडी वाटते. तुमी जा घाटात. मी भाऊबीजले यष्टीनं जाईन."

आईचं माहेर अनसिंगला. दरवर्षी भाऊबीजेला बाबा तिला गाडीनं नेत. गाडी घेतल्यापासून बाबांचा तो एकच रविवार असा होता, जो रविवारी नसला तरी चालत होता. आई पुढे बसे, नव्या लुगड्यात, मांडीवर करंज्यांचा डबा. मामा फाटकात उभे असत. बाबांनी बोलून दाखवलं नाही, पण आई यष्टीनं गेली तर ती गाडी त्यांनी विकली असती. मला ते त्यांच्या फडक्यावरून कळलं. पुढच्या रविवारी त्यांनी पांघरूण काढलं, काच पुसली, आणि परत पांघरूण घातलं. भाऊबीजेला तीन आठवडे होते.

चूक कोणाची, यावर घरात वाद नव्हता. सोयाबीनची. बाबा म्हणाले, "टायरले काय झालं? पाह्य ना, नक्षी कशी जशीच्या तशी हाय. एक खाच झिजली नाही." आणि खरंच झिजली नव्हती. ट्रॅक्टरचा टायर ते नक्षीवरूनच पारखतात, आणि त्यात ते कधी चुकत नाहीत.

पण मी त्या वेळी घर्षणाचा धडा वाचत होते. चाचणीत मला त्याच धड्यात फार कमी गुण मिळाले होते, हे घरी सांगितलं नव्हतं. गुणांपेक्षा मला दुसरीच भीती होती: मी शिकते आहे खरी, पण ते फक्त पेपरात उतरवण्यापुरतंच असेल तर? घरच्यांनी मला एवढ्या लांब पाठवलं ते कशासाठी? म्हणून असेल, पण एका दुपारी मी गाडीखाली शिरले, पाठीवर झोपून. टायरच्या आतल्या बाजूला चार आकडे सापडले. आठवडा आणि वर्ष, टायर कधी तयार झाला त्याचे. ते वर्ष मी चौथीत होते ते. मी नख दाबून पाहिलं, उमटलं नाही. कडेला बारीक भेगा होत्या, आईच्या टाचांसारख्या. टायर झिजले नव्हते, उभ्या उभ्या म्हातारे झाले होते. सहा दिवस झोपून सातव्या दिवशी घाट चढत होते. रबर वाळून लाकडासारखं झालं होतं, ते ओल्या रस्त्याला धरणार कशानं?

हे सांगायला मला तीन दिवस लागले. सांगितलं तेव्हा बाबा हडंब्याचा पट्टा चढवत होते. त्यांनी ऐकलं, पट्टा चढवला, मग म्हणाले, "मंग नवे टाकू. चांगले टिकतीन असे पाहू."

इथे माझं खरं अडलं. टिकतील असे.

आमच्या घरात प्रत्येक वस्तू या एकाच प्रश्नावर घेतली जाते. किती टिकते? माझी शाळेची चप्पल नेहमी दोन बोटं मोठी असे. दप्तर असं की पाचवीपासून दहावीपर्यंत खांद्याला त्याचे वळ. मी विज्ञानाला गेले तेव्हाही काकांनी बाबांना विचारलं होतं, "हे शिक्षण कुठवर टिकन?" मी या प्रश्नाला हसत नाही. याच प्रश्नानं आम्हाला तगवलं आहे. पण मी वाचलं होतं की खूप टिकणारा टायर कडक रबराचा असतो, आणि घट्ट धरणारा टायर मऊ रबराचा. मऊ असतो तो लवकर झिजतो. ट्रक असता, रोजची टॅक्सी असती, तर कडकच घ्यावा. पण आमची गाडी आठवड्यातून एकदा निघते. कडक घेतला तर पुन्हा हेच. झिजायच्या आधी म्हातारा होईल. आम्हाला किती टिकतो ते नको होतं, किती धरतो ते हवं होतं. आणि गाडी कमी चालत असल्यामुळेच, वेगानं वळणं घेणाऱ्या गाड्यांचे मऊ टायर आमच्यासारख्यांना परवडणार होते. हे गणित मी वहीत दोनदा मांडलं. दोन्ही वेळा बरोबर आलं, तरी विश्वास बसेना.

माझा चुलत भाऊ नितीनदादा मध्ये पडला. तो मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. "इंजिनेर बाई, एकशेपंच्याण्णवचे टाकू. चाक भाईर आलं पायजे! गाडी कशी पैलवान दिसन!"

"घासतील ना, दादा. वळताना मडगार्डला घासतील."

"तुले काय मालूम? तू तं सायकलचं पंक्चर नाही काढलं कधी."

हे खरं होतं. मग मी आईची शिवणाची टेप घेऊन मडगार्ड मोजलं. जुना टायर एकशेपंचावन्न मिलिमीटर रुंद. एकशेपंच्याहत्तरचा, जरा बुटका, घेतला तर चाकाची पूर्ण उंची फक्त तीन मिलिमीटरनं बदलत होती. तेवढ्यात तो नीट बसत होता. कॉलेजात सरांना भीत भीत विचारलं, की पुस्तकात तर लिहिलंय पृष्ठभाग वाढला तरी घर्षण वाढत नाही, मग रुंद टायर जास्त कसा धरेल? सर हसले. म्हणाले, "ते लाकडाच्या ठोकळ्याचं. रबर वेगळं वागतं. हा प्रश्न तुला वर्गात का सुचला नाही?" मी त्या दिवशी घरापर्यंत बसमध्ये उभी आले आणि मला ते कळलंही नाही.

टायरचं दुकान वाशीमला. गल्ल्यावर एक वयस्क जैन शेठ, पांढरा सदरा, समोर पाण्याचा तांब्या. मी वही उघडली आणि नुसती पानं उलटत राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तेच म्हणाले, "शेटजी, पोरगी सांगते तसे द्या."

मी सांगितलं. आकडे, मऊ रबर, ओल्या रस्त्यावर धरणारी नक्षी, आणि तयार होऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेले नकोत. शेठ मला चष्म्यावरून बघत होते.

"बेटा, हे जास्त चालणार नाहीत हां. नंतर म्हणाल शेठनं सांगितलं नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले. "आमची गाडी रविवारची आहे."

त्यांनी चष्मा काढला. "माझ्या दुकानात सगळे एकच विचारतात, किती चालेल. तू पहिली, जिनं विचारलं थांबेल कशी." आणि ते स्वतः आत गेले. प्रत्येक टायर फिरवून त्यांनी मला ते चार आकडे दाखवले. फार नाव नसलेल्या कंपनीचे होते ते. नितीनदादाच्या पैलवान टायरपेक्षा कितीतरी स्वस्त. साध्या टायरपेक्षा थोडेच महाग.

"बजेटचं असेल तर पुढचे दोनच टाका," शेठ म्हणाले. "मागचे पुढच्या वर्षी."

याचं उत्तर माझ्या वहीत होतं. पण बाबाच बोलले. "शेटजी, बैल डांबरीवर घसरू नये म्हून आपन नाल मारतो. दोन पायाले मारतो का चार पायाले?"

शेठ जोरात हसले. चारही घेतले. वहीतलं उत्तर द्यायचं राहिलं, याचं मला मग काहीच वाटलं नाही. जे मी तीन आठवडे वाचत होते ते बाबांना बैलाच्या खुरातून आधीच माहीत होतं. फक्त कोणीतरी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायचा अवकाश होता.

आईला मात्र नाल पटत नव्हती आणि घर्षणाशी तिचं देणंघेणं नव्हतं. टायर बसले, बाबा पुलापर्यंत दोनदा जाऊन आले, तरी ती ओट्यावरून हलली नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तिनं पिशवी भरून यष्टीची वेळ विचारून ठेवली. मी जुना टायर अंगणात आणला. आम्ही तो कोंबड्यांना पाणी ठेवायला कापणार होतो.

"आई, याच्यात नख मार."

"काहून?"

"मार तर."

माझी आई बाजारात दोडका, दुधी, गवार काहीही घेताना आधी नख दाबते. भाजीवाल्या तिला ओळखून आहेत, लांबूनच ओरडतात, "ताई, नख नोको मारू, कवळंच हाय!" तिनं टायरला नख दाबलं. मग परत दाबलं. मग ती उठली, गाडीजवळ गेली, वाकली आणि नव्या टायरला नख दाबलं. नखाची बारीक रेघ उमटली आणि हळूच बुजली.

ती बराच वेळ वाकलेली होती.

"ते जून झालं होतं," ती म्हणाली. "हे कवळं हाय." आणि बाबांकडे वळून, चढ्या आवाजात, "जून दोडका तुमी मले कधी आणून दिला तं मी फेकून देतो. आन् जून टायरवर मले शिरपूरले नेऊन राह्यले होते?"

बाबांचा चेहरा मात्र पट जिंकल्यासारखा झाला होता.

भाऊबीजेला सकाळीच भुरभुर पाऊस झाला. उशिराच्या पेऱ्याचं सोयाबीन अजून निघत होतं. पुलाजवळ एक बाई रस्त्यावरचं कुटार खराट्यानं लोटत होती. मोकळ्या दाण्यावर कोणताच टायर धरत नाही, हे मी बाबांना वहीतून वाचून दाखवलं होतं, म्हणून ते हळू होते. आईनं वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. करंज्यांचा डबा माझ्याकडे. वळण सरलं, रस्ता मोकळा पण ओला, बाबांनी जरा वेग घेतला, आणि नालीतून एक वगार रस्त्यावर आली. म्हशीची ती पोर मध्येच उभी राहून आमच्याकडे बघू लागली.

बाबांनी ब्रेक दाबला. मी डोळे मिटले नाहीत, हे मला आवर्जून सांगायचं आहे. मला बघायचं होतं. गाडी सरळ राहिली. तिनं रस्ता धरला, जसं कोणी हात धरतं, आणि थांबली. वगार चार हातांवर होती. तिनं शेपटी हलवली आणि गेली.

वायपर काचेवर एकदा गेला, एकदा आला.

"थांबली," आई म्हणाली.

तिनं वरच्या दांड्यावरचा एक हात काढला. थोड्या वेळानं दुसरा. मागे हात करून माझ्याकडून डबा घेतला आणि मांडीवर ठेवला. मालेगाव गेलं, वाशीम गेलं, पाऊस थांबला, रस्ता सरळ आणि कोरडा झाला. दोन्ही बाजूंनी तुरी हिरव्यागार उभ्या. बाबा बैलगाडी हाकावी तसे जपून चालले होते, अगदी कोणाला दुखू नये असे. तेव्हा आई समोर बघत म्हणाली, "जराशी जोरानं घ्या ना. भाऊ वाट पाहून राह्यला असन."

बाबांच्या मुठी आवळल्या. मी मागे बसून होते आणि मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या. अनसिंगला मामा फाटकात उभे होते. आईनं उतरताना त्यांना पहिलं वाक्य सांगितलं ते औक्षणाचं नव्हतं. "पाह्य, भाऊ. टायर पाह्य. आमच्या वैशूनं पसंत केले."

मामांनीही वाकून नख दाबलं. ही सवय कुठून येते, ते मला तेव्हा कळलं.

त्या सत्रात मी घर्षणाच्या धड्याची परीक्षा पुन्हा दिली. गुण बरे आले, फार नाही. पण पेपरात ठोकळा उतारावरून घसरत होता तेव्हा मला तो दिसत होता. त्याच्या खालचं ओलं कुटारही.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी एम.एस्सी.ला आले. आज गच्चीवरून खाली आले तर फोन वाजत होता. आईचा.

"वैशू, टायर गुळगुळीत झाले. तुह्ये बाबा म्हणतात, वैशूले इचार."

मला खरंच पटेना. माझ्या गणितानं ते आठ-नऊ वर्षं झिजायला नको होते. आठवड्यातून एकदा घाट, वर्षातून एकदा अनसिंग, असं धरून मी वहीत मांडलं होतं.

"इतक्यात कसे झिजले, आई? गाडी तर रविवारची आहे."

"कोनं सांगतलं रविवारची?" आई म्हणाली. मागून हडंब्याचा आवाज येत होता, म्हणून ती ओरडत होती. "बुधवारी बाजार नसते का? परवा शिरपूरले गेलतो, देवळात. काल तुह्या मावशीले आणलं. आन् घाटात बी जातो आमी. मीच म्हणतो, चला, वळणं घेऊ."

म्हणजे माझं गणित चुकलं होतं. गाडी किती चालेल हे धरताना मी आईला धरलंच नव्हतं.

"शनिवारी ये," ती ओरडली. "वही घेऊन ये. कवळेच घेऊ."